नसलेली गाठ

माझ्या ताईच्या पोटात गाठ नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण गेला महिनाभर भेटेल तो मला विचारतोय, "गाठ साधीच होती ना गं?" आणि प्रत्येक वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ताई कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मागच्या खोलीत बसते. गिऱ्हाइकाने घेतलेला कपडा त्याच्या अंगाबरोबर करून द्यायचा, हे तिचं काम. सव्वीस वर्षं गळ्यात टेप. कुणाच्याही कमरेचा आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही, कागदावर लिहून कागद उलटा ठेवायचा, ही तिची रीत. तिचं स्वतःचं पोट मात्र तिसऱ्या बाळंतपणानंतर सैल पडलं ते पडलंच. कातडीची घडी लोंबायची, उन्हाळ्यात तिच्याखाली चिघळायचं, कापड बेतताना ती टेबलाच्या कडेवर टेकायची. मलमं झाली, पावडरी झाल्या. चालून चालून चपला झिजल्या, घडी काही हलली नाही. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही चरबी नाही, जादा कातडी आहे, कापूनच काढावी लागेल. ताई मला हसत म्हणाली, "म्हणजे जादा कापड काढायचं आणि टीप मारायची. मी रोज तेच तर करते!"

पण घरात भावोजी होते. भावोजी स्वभावाने गरीब आहेत असं सगळे म्हणतात. मीसुद्धा म्हणायचे.

"या वयात हे कसले थेर? लोक तोंडात शेण घालतील," ते म्हणाले. ताईने ऐकून घेतलं आणि तरीही तारीख पक्की केली. मग त्यांनी अट घातली, सगळ्यांना सांगायचं की पोटात गाठ होती, ती काढली. ताईने मान डोलावली. तिथेच मी बोलायला हवं होतं. बोलले नाही, त्याचा राग माझा मलाच येतो.

गाठ म्हटल्यावर जग कसं विरघळलं म्हणून सांगू! वर्षभर न बोललेली शेजारीण डोळे पुसत आली. बाईने दुखण्यापायी पोट कापून घेतलं तर ती बिचारी, स्वतःच्या सुखासाठी घेतलं तर नखरेल. हा न्याय कुणी ठरवला ते मला एकदा भेटायचंय.

ऑपरेशननंतर तिला मांडीपर्यंतचे घट्ट पांढरे मोजे दिले होते. पडून राहिल्याने पायात रक्त साकळू नये म्हणून तीन आठवडे दिवसरात्र घालायचे, आंघोळीपुरते काढायचे. नर्सने दोनदा बजावलं, "गुंडाळून खाली करू नका. गुंडाळी पाय आवळते." ताईला वाकता येईना, म्हणून मी आठवडाभर रजा काढून राहिले. तो मोजा चढवणं म्हणजे कुस्ती. टाचेपर्यंत उलटा करायचा, टाच टाचेत बसवायची, मग बोट बोट वर घ्यायचा. मला घाम फुटायचा आणि ताई पडल्या पडल्या चुका काढायची. "घोट्यापाशी चुणी राहिली बघ. ओढू नकोस गं, सरकव."

रजा संपली. भावोजींना शिकवलं, दोनदा त्यांच्याकडून करून घेतलं आणि मी गेले.

दोनच दिवसांत भावोजींची थोरली बहीण मुक्कामाला आली. त्यांना सगळे अक्का म्हणतात. चौकशीत अक्कांचा हात कुणी धरणार नाही. पोटातल्या गाठीला मांडीपर्यंत मोजे कशाला, हे त्यांनी विचारलंच असतं. म्हणून या शहाण्याने काय करावं? साधे मोजे वाटावेत म्हणून दोन्ही मोजे घोट्यापर्यंत गुंडाळून ठेवले! "अक्का जाईपर्यंत," म्हणाले. अक्का काही जाईनात.

एका संध्याकाळी मी कामावरून परस्पर ताईकडे गेले, तर अक्का पलंगाशेजारी चहा पीत होत्या. ताईचा चेहरा बघून मी चादर बाजूला केली. डावी पोटरी सुजून लाल झालेली, हाताला गरम. घोट्याभोवती दोरी बांधल्यासारखा वळ.

"कधीपासून?"

"कालपासून. दुखतंय म्हटलं मी यांना," ताई म्हणाली.

"अहो, थोडं दुखणारच ना ऑपरेशननंतर," भावोजी पुटपुटले. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चौघेही गाडीत बसलो आणि हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "ऑपरेशन कसलं झालंय?"

भावोजी सवयीने म्हणाले, "पोटातली गाठ काढली."

"कसली गाठ? तपासायला पाठवली होती का? कॅन्सरची होती? नीट सांगा, औषध त्यावर ठरणार आहे."

भावोजींनी अक्कांकडे बघितलं, मग खाली फरशीकडे. बायकोचा जीव टांगणीला आणि या माणसाला बहिणीची लाज! मी तोंड उघडणार, तोच ताई कोपरावर उठली.

"गाठ नव्हती," ती म्हणाली. "पोटाची जादा कातडी काढून घेतली. माझ्या मर्जीने. आज बारावा दिवस. आणि यांनी माझे मोजे दोन दिवस घोट्यावर गुंडाळून ठेवले."

अक्कांनी आ वासला तो वासलेलाच राहिला.

तासाभराने डॉक्टर बाहेर आला. "पायात रक्ताची गाठ झालीय. वेळेत आणलंत. छातीकडे सरकली असती तर अवघड होतं."

मला हसू फुटलं, संतापाचं. जिचा बारा दिवस डांगोरा पिटला, ती गाठ शेवटी यांनी खरी करून दाखवली.

सात दिवस इंजेक्शनं झाली. ताईला घरी सोडायच्या सकाळी नवे मोजे आले आणि मी ते भावोजींच्या हातात दिले. ते स्टुलावर बसून चढवू लागले. समोर अक्का, आजूबाजूला सगळा वॉर्ड.

"टाच टाचेत बसवा. चुणी राहिली," ताई म्हणाली.

भावोजींनी चुणी काढली. मग मान खाली घालूनच हळूच विचारलं, "शेजारी विचारतील, पुन्हा कशाला नेलं होतं. काय सांगू?"

आयुष्यभर लोकांचे आकडे पालथे ठेवणारी माझी ताई शेवटच्या खाटेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खरं सांगा. आणि यापुढे कुणासाठीही हे मोजे खाली केलेत ना, तर गाठ माझ्याशी आहे."