मंजनानं अडवलेलं हाड

"ऑपरेशन रद्द!" मी वॉर्डातच ओरडलो.

समोर कॉटवर कुडपणच्या भागीरथीमावशी बसल्या होत्या. हातात डबी, तोंडात बोट, दात काळे. मिश्री लावत होत्या. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू.

दीड वर्षापूर्वी त्या शेताच्या बांधावरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या एका डॉक्टरनं हाडाच्या पोकळीत सळी घातली. आम्ही तिला नेल म्हणतो. सळी हाड नुसतं सरळ धरते, जुळवायचं काम शरीराचं. इथे ते झालंच नव्हतं. याला नॉन-युनियन म्हणतात. असं हाड तसंच राहिलं तर वजन पडून पडून एक दिवस सळीच मोडते. मावशींना धरल्याशिवाय चुलीपर्यंत जाता येत नव्हतं. जुनी सळी काढायची, पोकळी आतून खरवडायची आणि जाड सळी घालायची, असं ठरलं होतं.

"तंबाखू खाता का, किती वेळा विचारलं मी?"

"नायच खात! देवाशपथ. ह्ये दात घासायचं हाय. सासूनं शिकवलंय. नाय लावली तर परसाकडला होत नाय."

मुलगा दिलीप मुंबईहून सुट्टी टाकून आला होता. तो मध्ये पडला. "सर, मंजन हाय ते. एवढ्यासाठी कॅन्सल?"

"तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. रक्त नाही तर हाड कशावर जुळणार? तुझ्या सुट्टीवर?"

डबी सुनेनं भाकरीच्या फडक्यात बांधून आणली होती, प्रेमानं. माझं डोकं भडकलं होतं. राग मायलेकांचा होता, सुनेचा होता, पण सगळ्यात जास्त त्या डॉक्टरचा. दीड वर्ष तो नुसतं 'जुळेल, वाट बघा' म्हणत बसला आणि बाईचे काळे दात त्याला दिसले नाहीत.

तेवढ्यात हॉस्पिटलच्या मालकांचा फोन आला. "भूल देणारे येऊन बसलेत. रद्द म्हणजे काय?"

"सळी मी बदलीन, सर. रक्त तुम्ही पुरवता का?"

त्यांनी फोन आपटला. दिलीप पाय आपटत गेला. मावशी मात्र पदर तोंडाला लावून रडल्या. "म्हंजी मी माज्याच हातानं पाय घालवला?" मला वाईट वाटलं, पण निर्णय बदलला नाही. "मिश्री सोडून या, मग करू," म्हणालो.

दीड-दोन महिन्यांनी त्या परत आल्या. दात पांढरे म्हणता येणार नाहीत, पण डबी नव्हती. सून कुरकुरली, "डाक्तर, मिश्री सुटल्यापासनं घरात कुणाला सुखानं जेवू देत नायत." म्हणजे खरंच सुटली होती. मी ऑपरेशन केलं. या वेळी काही महिन्यांतच एक्स-रेत फटीवर नवं हाड धरताना दिसलं. आता मावशी काठी टेकत चुलीपर्यंतच काय, गोठ्यापर्यंत जातात.

तंबाखू खाता का, हा प्रश्न मी सोडून दिला. परवा पाचाडची एक बाई मोडलेली मांडी घेऊन आली. मी पहिलंच विचारलं, "सकाळी दात कशानं घासता?"

"मिश्रीनं," ती म्हणाली. "पण तंबाखूचं व्यसन नाय हां मला."