झाकून आणलेलं पिठलं

शेजारून पिठल्याच्या फोडणीचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं.

सिल्वासाला आम्ही सूतगिरणीच्या कॉलनीत राहायचो. बाबा ज्या विमानात होते ते समुद्रावर बेपत्ता झाल्याचं सकाळी रेडिओवर सांगितलं, आणि दुपारी पाटीलकाकू पिठलं-भात घेऊन दारात हजर. मयताच्या घरी नेतात तसा, झाकून.

"कोण गेलंय इथे?" आई म्हणाली. "माझा गॅस पेटतोय."

तिने दार लावलं, स्वयंपाक केला आणि बाबांचंही पान वाढलं.

गरम पिठलं परत पाठवलं म्हणून तेव्हा मला आईचाच राग आला होता. आज काकूंचा येतो. सरकारसुद्धा नुसतं बेपत्ता म्हणत होतं, मग यांना एवढी कसली घाई?

विमान सापडलंच नाही. आईने घरात पुन्हा कधी पिठलं होऊ दिलं नाही.