शरयूकाकूंचा पाण्याचा नकाशा

शरयूकाकू देवपुजारी नागपूरच्या नगररचना कार्यालयात तीस वर्षं ट्रेसर होत्या. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा शाईने उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्या, मग काका गेले, आणि त्या मुलाकडे, प्रतापकडे, ओहायोतल्या डब्लिनला राहायला आल्या. प्रताप आणि मी एकाच ऑफिसात होतो. मी आणि रेणू तेव्हा अपार्टमेंटमध्ये राहायचो, आणि काकूंच्या हातचं खायला म्हणून दर शनिवारी त्यांच्याकडे पडीक असायचो.

प्रतापच्या घरामागे मोठं गवताळ रान होतं. गावाच्या आराखड्यात ते कायमचं मोकळं ठेवलेलं. काकू रोज सकाळी स्पोर्ट्‌स शूज आणि साडी अशा थाटात तिथे एक फेरी मारायच्या. खांद्यावर लाल पट्टा असलेले काळे पक्षी कुठे घरटी करतात, मार्चमध्ये बेडूक कुठून ओरडायला लागतात, सगळं त्यांना पाठ होतं.

दोन हजार चारच्या शेवटी गावाकडून पत्र आलं. एका बिल्डर कंपनीने तिथे बासष्ट घरं बांधायची परवानगी मागितली होती. त्यासाठी आराखडाच बदलावा लागणार होता. शेजाऱ्यांनी अंगणात निषेधाच्या पाट्या लावल्या. प्रतापने लावली नाही. त्याचं म्हणणं, आपण इथे नवे आहोत, उगाच कोणाच्या डोळ्यावर येऊ नये.

काकूंनी वाद घातला नाही. सून यामिनीला घेऊन त्या गावाच्या कचेरीत गेल्या आणि कंपनीच्या नकाशाची प्रत घेऊन आल्या. मी शनिवारी गेलो तर जेवणाच्या टेबलावर तो पसरलेला.

"केदार, हे बघ," त्या म्हणाल्या. "पाणथळ जागा एवढीशी दाखवलीय. हा माणूस ऑगस्टमध्ये मोजायला गेला होता, इथे तेव्हा सगळं सुकलेलं असतं. खाली तारीख लिहिलीय त्याने."

मी नुसतं हूं म्हणालो. कारण त्या बासष्ट घरांतल्या एका घरासाठी मी आणि रेणूने आधीच नाव नोंदवलं होतं.

बर्फ वितळल्यापासून काकूंनी मोजणी सुरू केली. साडी गेली, यामिनीचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आले. आठवड्यातून दोनदा त्या पाण्याच्या कडेकडेने चालायच्या, पावलं मोजायच्या आणि लॉनवाले लावतात तशा तारेच्या छोट्या झेंड्या रोवायच्या. घरी येऊन कंपनीच्या नकाशावर बटर पेपर ठेवून निळ्या शाईने त्या दिवशीची रेघ काढायची आणि शेजारी तारीख घालायची. एकदा चिखलात बूट रुतून बसला तेव्हा एका शेजाऱ्याने त्यांना ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी काकू त्याच्याकडे डबाभर चकल्या देऊन आल्या.

मे महिन्यात संध्याकाळी गावाची सभा होती. प्रतापला मीटिंग होती, यामिनी डेटनला गेलेली, म्हणून काकूंना मी नेलं. गाडीत त्या इंग्रजीतली तीन वाक्यं घोकत होत्या. सिग्नलला थांबलो तेव्हा मला राहवलं नाही. नाव नोंदवल्याचं सांगून टाकलं.

काकूंचं घोकणं थांबलं. "कितव्या नंबरचं?"

"एकोणतीस."

"एप्रिलभर घोट्याएवढं पाणी असतं रे तिथे," त्या म्हणाल्या. "घर हवंच की तुम्हाला. पण कोरड्यात घ्या." आणि पुन्हा वाक्यं घोकायला लागल्या.

सभेत खूप जण बोलले. ट्रॅफिक, शाळेतली गर्दी, घरांच्या किमती. काकूंची पाळी आली तेव्हा त्यांनी प्रोजेक्टरखाली कंपनीचा नकाशा ठेवला आणि त्यावर बटर पेपर. गुंडाळून ठेवल्यामुळे कागद सारखा वर वळायला लागला. मी उठणार, तेवढ्यात मागच्या दारातून प्रताप आला, ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात बॅज तसाच. पुढे येऊन त्याने कागदाचे दोन कोपरे धरून ठेवले.

भिंतीवर निळ्या रेघा कंपनीच्या नकाशावर बरोबर बसल्या. चौतीस घरं पाण्यात होती.

काकू इंग्रजीत म्हणाल्या, "हा मार्च. हा एप्रिल. तुमचा नकाशा ऑगस्टचा आहे."

एवढंच. एका सदस्याने विचारलं, हे कुठल्या फर्मने केलं? प्रताप म्हणाला, "माझ्या आईने."

निकाल त्या दिवशी लागला नाही. गावाने पुढच्या वसंतात पुन्हा मोजणी करवली आणि ती काकूंच्या रेघांपासून फारशी हटली नाही. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ठराव झाला: खालचा सगळा भाग कायमचा राखीव, आणि पूर्वेच्या उंच कडेला अठरा घरं. शेजारी केक घेऊन आले. काकूंनी केक खाल्ला, पण चेहरा खुलला नाही. पूर्वेच्या कडेला सप्टेंबरमध्ये जांभळी रानफुलं यायची. ती जाणार होती, आणि ती मात्र नकाशात कशी दाखवायची ते आपल्याला सुचलं नाही, असं त्या यामिनीला म्हणाल्या. पुढे आठवडाभर त्या फिरायला गेल्या नाहीत.

मग एक दिवस त्यांचाच फोन आला. अठरा घरांचा नवा नकाशा त्यांनी आणला होता. मला नाव काढून घ्यायचं होतं, रेणूशी तसं बोलणंही झालं होतं. काकूंनी ते ऐकूनच घेतलं नाही.

"तू नाही घेतलंस तर दुसरा कोणी घेईल आणि त्या कडेला तणनाशकाचे फवारे मारून लॉन करेल. तू अकरा नंबर घे. आणि मागची पट्टी तशीच सोड. कापायची नाही."

आम्ही अकरा नंबर घेतलं. वास्तुशांतीला काकू आल्या आणि आधी तळघरात उतरल्या. चारही भिंतींवरून हात फिरवून पाहिला आणि मग वर येऊन जेवायला बसल्या. मागची पट्टी आम्ही कापत नाही. गवत वाढल्याची गावाची नोटीस दोनदा आली, दोन्ही वेळा काकू स्वतः उत्तर लिहून कचेरीत घेऊन गेल्या. आता सप्टेंबरात तिथे थोडी जांभळी फुलं येतात, आणि काकू सकाळच्या फेरीत आमच्या मागच्या दारावर टकटक करून ती किती आलीत ते सांगून जातात.