रुमाल टाकून धरलेली जागा

पौषातली सकाळ. आमच्या नाशिकला या दिवसांत नळाचं पाणी हाताला चावतं, आणि बायको मात्र खिडकी सताड उघडी टाकून वर्तमानपत्राने वारा घेत बसलेली असते. वरच्या ओठावर घामाचे थेंब. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झाल्यापासून ती रोज एक गोळी घेते, त्या गोळीचा हा ताप.

डॉक्टरांनी समजावलं होतं, "बाईच्या अंगातलं हार्मोन पेशीच्या आत जातं. तिथे त्याची ठरलेली जागा असते. ते तिथे बसलं की पेशीला निरोप मिळतो, वाढ! ही गोळी आधीच जाऊन ती जागा अडवते."

मला एसटी आठवली. खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो, तसंच हे. पण रुमाल बाजूला सारून खुशाल बसणारी माणसंही मी पाहिली आहेत. तेव्हापासून तिचा घाम हाच माझा धीर; घाम आहे म्हणजे रुमाल अजून जागेवर आहे. घामाचा आणि गुणाचा तसा संबंध नसतो, असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत.

आज सकाळी ती म्हणाली, "अहो, खिडकी लावा ना. आणि ती शाल द्या, गारठले मी."

"गोळी घेतलीस ना?"

"घेतली हो. रोज काय विचारता!"

कितीतरी दिवसांनी तिला चारचौघींसारखी थंडी वाजत होती. शाल पांघरताना मी हळूच तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. घाम मला फुटला होता.