वजनकाट्याला भिणारे उस्ताद

आमचे कुस्तीचे उस्ताद वजनकाट्याला घाबरत. सहा फुटांचा माणूस, कान मोडलेले, मनगट आमच्या दंडाएवढं. पण स्पर्धेच्या ठिकाणी काटा दिसला की रुमालाने तोंड पुसत दाराबाहेरच उभे राहत. भद्रावतीच्या बाजारात त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. तिथे कापूस ते तोलूनच देत, आखाड्यात मात्र त्यांनी काटा कधी येऊ दिला नाही. पोराचं वजन बघायचं असलं की काखेत धरून उचलत आणि सांगत, "अडतीस. आन् सकाळी पोटभर जेवून आला हायेस." दोन्ही बरोबर निघे.

बाकीच्या आखाड्यांत उतरताना माती कपाळाला लावतात. आमच्याकडे आधी पाठीवर लोळावं लागे. पाठ मातीला टेकली की पैलवान हरला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून नव्या पोरांना तो अपशकुन वाटायचा. उस्ताद सगळ्यांच्या आधी आडवे होत. पन्नाशीतलं ते धूड उताणं पडलेलं बघून आम्ही तोंड दाबून हसायचो. उठताना ते म्हणत, "लागली माती पाठीले. मेलो का? आता खेळा."

एकदा कोणीतरी भिंतीवर कोळशाने आमचे नंबर लिहिले. पहिला मी. उस्तादांनी सगळी यादी वाचली, कोळसा मागितला आणि तळाला स्वतःचं नाव लिहिलं. "मी लय कुस्त्या हारलो, बाबू. मलेबी नंबर पाह्यजे का नाई?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या नावाखालची ती आठ-दहा नावं मला मागे लागलेल्या कुत्र्यांसारखी दिसत होती.

याला कारण होती बाबांची वही. बाबा कोळसा खाणीत होते आणि माझी प्रत्येक कुस्ती ते त्या वहीत लिहून ठेवत. गाव, समोरच्या पोराचं नाव आणि शेवटी दोन रकाने: जीत आणि हार. एकोणीस ओळी भरल्या होत्या, हारचा रकाना कोरा. पाहुणे आले की चहाच्या आधी वही यायची. बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. ते फक्त म्हणत, "हा रकाना कोराच राह्यला पाह्यजे." त्या कोऱ्या रकान्याची मला एवढी धास्ती बसली की कुस्तीच्या आदल्या दिवशी माझे हात गार पडत आणि भात गिळवत नसे. उस्तादांच्या हे लक्षात आलं होतं. एकदा ते वही चाळून म्हणाले, "भाऊ, वहीतलं पोरगं कधी पडत नाई. मले हे पडनारं पोरगं सांभाळा लागते." बाबा खूश झाले. त्यांना ती माझी स्तुती वाटली.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. त्या वर्षी चंद्रपूरच्या जिल्हा स्पर्धेआधी माझं वजन वाढलं. वाढीचं वय, वाढणारच. वरच्या वजनगटात गडचिरोलीकडून शिकायला आलेला एक पोरगा होता; त्याने कोणाकोणाला कसं उचलून टाकलं ते ऐकूनच मला त्याच्याशी लढायचं नव्हतं. बाबांनी शाळेत सांगून माझं नाव खालच्याच गटात घातलं. उस्तादांना आम्ही पत्ता लागू दिला नाही. दोन दिवस मी जेवलो नाही आणि शेवटच्या दिवशी पाणीही सोडलं. दसऱ्यानंतरच्या उन्हात दोन स्वेटर घालून पळालो. जीभ टाळूला चिकटली, पोटऱ्यांत गोळे आले, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. आपण मरतो की काय असं वाटे, आणि त्याहून मोठी भीती ही वाटे की मरायच्या आधी आपण हरू.

दुसऱ्या दिवशी वजनाच्या रांगेत उस्ताद मागून आले आणि नेहमीसारखं त्यांनी मला उचललं. या वेळी आकडा सांगितला नाही. खाली ठेवून मानेवर तळवा टेकवला.

"घाम कुठी गेला तुहा?"

माझ्या पुढे दोनच पोरं उरली होती. उस्ताद अक्षरशः पळत गेले आणि चहाच्या टपरीवरून तांब्याभर पाणी घेऊन आले, साखर-मीठ घातलेलं. काट्याच्या इतक्या जवळ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पी."

बाबा मध्ये आले. "दोन मिन्टं थांबा ना, उस्ताद. काट्यावर चढू द्या त्याले, मंग पाजा."

"माझा लहाना भाऊ असाच चढला होता, भाऊ," उस्ताद हळूच म्हणाले. "काट्यानं पास केलं त्याले. कुस्तीबी जितला. घरी नाई आला."

मग माझ्याकडे वळले. "तू नोको भेऊ, बेटा. मी भेऊन राह्यलो ना, तेवढं पुरे."

मी प्यालो. बाबांकडे न बघता अख्खा तांब्या संपवला. काट्यावर जास्त भरलो आणि माझं नाव कापलं गेलं.

परतीच्या एसटीची वाट बघताना बाबांनी वही उघडली. जीत नाही, हार नाही. "आता काय लिहू इथी?" त्यांनी चिडून विचारलं.

"लिवा ना," उस्ताद म्हणाले, "पोरगं पानी प्यालं."

बाबांनी वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून माझा आखाडा बंद झाला. दुकानावरून जाताना उस्ताद रजईत टाका घालता घालता माझ्याकडे बघत, पण हाक मारत नसत. बाबांच्या कानावर जाईल म्हणून मी एकदाही थांबलो नाही. ज्याने माझा जीव वाचवला त्याच्याकडे मी मान वर करून बघितलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

पुढे सहा-सात वर्षांनी, मी सुट्टीत घरी असताना, उस्ताद गेले. छातीत कापूस बसला, लोक म्हणाले. मी कपडे घालून दाराशी आलो तर बाबा आधीच चप्पल घालून उभे होते. आम्ही दोघांनी त्यांना माती दिली आणि परतलो.

भर दुपारी बाबांनी ट्रंकेतून वही काढली. एकोणिसाव्या ओळीखाली चंद्रपूर लिहिलं. मग जीत आणि हार, दोन्ही रकान्यांवरून आडवं, सावकाश लिहिलं: पोरगं पाणी प्यालं. आणि शाई वाळेपर्यंत वही मांडीवर उघडीच ठेवली.