अंताकाका आणि तिसरा वाटा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. रत्नागिरीच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात काम करते मी. दिवसभर लोकांचे नंबर काढायचे... दिसतं किंवा दिसत नाही, एवढंच मला ठाऊक. मैत्रिणी भुताखेताचं सांगायला लागल्या की मी म्हणायचे, "आधी डोळे तपासून घ्या."

आमचं घर शहराला लागून, खाडीकाठच्या वाडीत. घरात आई, मी, धाकटा भाऊ दिनेश आणि वडिलांचे थोरले भाऊ अंताकाका. काकांचे डोळे काचबिंदूने गेले. डॉक्टरांकडे मीच नेत होते, म्हणून खात्रीने लिहिते — डोळ्यांवर बॅटरी मारली तरी त्यांना उजेड कळत नाही.

तरी किनाऱ्यावर त्यांना मान होता. विकायची मासळी गेली की घरी न्यायच्या मासळीचे खलाशांसाठी वाटे घालतात. भांडण नको म्हणून एकाने वाट्यांकडे पाठ करायची. दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "ह्यो कुनाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. आमच्या होडीवर हे काम काकांचं. त्यांना पाठ फिरवायचीही गरज नाही, अशी मस्करी चालायची आणि तेही हसायचे.

दसरा नुकताच झाला होता. होडीवर तिघं — बाबल्या, हसन आणि आमचा दिनेश. मला सुट्टी होती, म्हणून दुपारी मीही किनाऱ्यावर होते. बाबल्याने पहिल्या वाट्यावर हात ठेवला.

"ह्यो कुनाचा?"

"तुजाच. लाल गंजी बरी दिसते तुला."

सगळे हसले. गंजी खरंच लाल होती... मला वाटलं, कुणीतरी सांगितलं असेल.

"आनि ह्यो?"

"हसनचा. बाही फाटलीय रे तुजी, बायकोला शिवायला सांग."

हसनने हात वर करून पाहिलं. काखेपाशी बाही उसवली होती. त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

"आनि ह्यो?"

काकांनी मान इकडून तिकडे फिरवली. म्हणाले, "दिनेश कुटं हाय? तो मला दिसत नाय."

दिनेश त्यांच्या पुढ्यातच उभा होता. घरी येऊन मी आईला सांगितलं, आणि आई दिनेशची वाट अडवून दारात बसली. "तुला माजी शप्पथ हाय, उद्या होडीवर पाय ठेवशील तर." दिनेश माझ्यावरच उखडला. "तू चष्मे विक, भविष्य सांगू नको."

पण तो थांबला. दुसऱ्या दिवशी दोघंच गेले. दुपारी अचानक वारा फिरला... होडी खडकांपाशी पालथी सापडली. बाबल्या आणि हसन अजून मिळालेले नाहीत.

हसनची बायको वाळूत बसून होती, आणि मला मात्र आतून आनंद होत होता — माझा भाऊ वाचला. लाज वाटते, पण तसं झालं खरं. लोक काकांच्या पाया पडायला यायला लागले. काका कुणालाच पाय शिवू देईनात. एकदा पडवीत मी एकटी असताना म्हणाले, "मी कुनाला वाचवलं नाय गो. मला ते दोघं दिसले. उनात उभं असल्यागत दिसले. इतक्या वर्सांनी मानूस दिसला म्हनून मला बरं वाटलेलं गो..."

मग मला कळलं. आम्ही उलटं समजलो होतो. दिसले ते गेले, न दिसलेला वाचला होता.

काकांनी वाटे सांगणं सोडलं. दिनेश बर्फाच्या कारखान्यात लागला. सगळं हळूहळू रुळावर येत होतं.

गेल्या आठवड्यात दिनेशने नवा शर्ट आणला. आतल्या खोलीत घातला आणि काही न बोलता पडवीत आला. काकांनी मान वर केली. आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. माझा हात चाचपडत धरला आणि हळूच म्हणाले, "पिवळा रंग शोभतो त्याला."

शर्ट पिवळाच होता.

आई पुन्हा दारात बसली आहे. दिनेश घरीच आहे, चिडचिड करतो. पण तेव्हा समुद्र होता, त्याला जाऊ दिलं नाही की झालं. आता त्याला कशापासून अडवायचं?

रोज दुसऱ्यांचे डोळे तपासणारी मी, मला याचा अर्थ लागत नाही. सकाळी उठले की दिनेशकडे बघायच्या आधी काकांना विचारते, "आज दिसतो का हो?"

ते मान डोलावतात. दिसतो म्हणतात.