तांबडी रबरी नळी

सन १९६४. माझं वय सदुसष्ट. देवबागच्या किनाऱ्यावर होडीला डांबर लावत होतो. मालवणच्या बाजारातून परतलेली भावजय टोपली टेकवून म्हणाली, "भावजी, डॉक्टर गेले. मुंबैत पोट कापलेला, मगे शुद्धीरच येवक नाय." मी हात थांबवला नाही. तेवढी बाजू पुरी केली आणि मगच बसलो…

दीड महिना झाला. मी तिसरी शिकलेला, पण हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही.

आठ वर्षांपूर्वी समुद्रात दोरीला गरी, म्हणजे माशांचा गळ, बांधताना गाठ दातांत धरून आवळत होतो. आम्ही सगळेच तसं करतो. लाट बसली आणि गरी घशाखाली गेली. मला किनाऱ्यावर उतरवलं तेव्हा तोंडातून हातभर दोरी लोंबत होती. मी तांडेल, होडीवरचा म्होरक्या, आणि माझाच भागीदार बाबी ओरडला, "आज तांडेलच गावलो रे! वडू नकात, आधी वजन करा!"

ह्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात सगळे म्हणाले, कोल्हापूरला नेऊन कापून काढूया. मी मानेनं नाही म्हटलं. डॉक्टर दोरीकडे बघत राहिले. मग विचारलं, "तांडेलानू, गोब्र्या माशान गरी गिळली तर तुमी कशी काढतास?" मी हातानं दाखवलं… दोरीवर पोकळ बांबू ओवायचा, आत ढकलायचा, रुतलेलं टोक सुटतं. त्यांनी कपाटातून तांबडी रबरी नळी काढली.

गरी निघाली. घसा खरवडला तेवढाच. डॉक्टर म्हणाले, "एक दिवस अशा नळीतसून दिवो आत जातलो. पोटातला दुखणा डॉक्टर बघतले आणि थंयच काढतले. कापूक लागाचा नाय."

"पोटात दिवो? मगे भात पण थंयच शिजवा!" मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"हसा. आपण नसू, पण ह्या होतला."

त्यांच्या पोटातल्या गाठीपर्यंत काही तो दिवा वेळेत पोचला नाही.

पुढं आठ वर्षं मी गावभर सांगत फिरलो, "डॉक्टराक मी शिकवलंय." तेही हसून म्हणत, "तांडेल माझे गुरू." खोटं नव्हतं ते, पण अर्धं होतं.

उरलेलं असं. नळी तोंडाशी आली आणि मी दात आवळले. दर्यात वादळं बघितलेला माणूस, पण तोंड काही उघडेना. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. तसलीच दुसरी नळी घेतली, तेल लावलं आणि स्वतःच्या घशात घातली. उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ढकलत राहिले. बाहेर काढून म्हणाले, "बघा, जितो आसंय." तेव्हा मी तोंड उघडलं.

गेल्या सोमवारी डॉक्टरांच्या पत्नीला भेटायला गेलो. दवाखाना बंद, पण आत झाडलेलं. खिळ्याला ती तांबडी नळी, तिच्यात दोरी, खाली माझी गरी.

"ते सगळ्यांना दाखवायचे," बाई म्हणाल्या. "तांडेलांनी शिकवलं म्हणायचे."

"आणखी काय सांगत?"

"आणखी काही नाही. का हो?"



दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला माणसं जमली, तेव्हा बाबीला हाक मारून मी सगळ्यांसमोर म्हटलं, "त्या दिवशी मी भियालंय. नळी आधी डॉक्टरान गिळली."